वहीतलं नाव, पटलावरचा आकडा

रामकुंडावर सकाळी आठच्या सुमाराला गेलं, की असं एखादं कुटुंब दिसतंच. थोरल्या मुलाचं डोकं नुकतंच भादरलेलं, हातात लाल फडकं बांधलेला कलश, मागे पदर सावरत उभ्या असलेल्या बायका आणि कुठे बघावं ते न कळणारी दोन-तीन नातवंडं. कलश घेऊन ती मंडळी अस्थिविलय तीर्थाकडे वळतात. इथल्या पाण्यात हाडं विरघळतात अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. गांधीजींच्या अस्थींचा एक भाग १९४८ मध्ये इथेच गोदावरीत सोडला गेला. शेजारचा गांधी तलाव त्याचीच आठवण.

विधी आटोपले, की उपाध्ये विचारतात: गाव कोणतं? आडनाव? आजोबांचं नाव? मग वही निघते. अमक्या गावचे तमके, अमुक साली आले होते, सोबत कोण होतं, पूर्वी कोणाची क्रिया झाली, सगळं त्यात असतं. पणजोबांचं नाव दाखवलं, की एरवी तीर्थक्षेत्राला नाकं मुरडणारा माणूसही वाकून बघतो. मग आज ज्याच्यासाठी आलो त्याचं नाव खाली चढतं. नाशिकला आलेला माणूस असा कागदावर उतरतो आणि राहतो. त्यासाठी त्याला मोठं असावं लागत नाही.

या कुंडाकडे काळाराम मंदिराच्या बाजूने, सरदार चौकातून, एक चिंचोळा रस्ता उतरतो. दोन्ही बाजूंना जुनी घरं, पूजासाहित्याची दुकानं, आणि पायाखाली चांगलाच उतार. एरवी त्यात काही विशेष नाही, पंचवटीत सगळ्याच वाटा नदीकडे उतरतात. पण बुधवार, २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या शाही स्नानाच्या दिवशी या उतारावर ३९ माणसं मेली आणि सव्वाशेच्या आसपास जखमी झाली. ती कुंडापर्यंत पोचलीच नाहीत. या मृत्यूंची नोंद कुठे झाली, कोणत्या वहीत झाली आणि ती वही पुन्हा कोण उघडतं, हे शोधू लागलं की नदीकाठ सोडून विधानभवनाकडे जावं लागतं.

आधी त्या दिवसाबद्दल. श्रावण अमावस्या होती. जिल्ह्यात गावोगावी बैलांच्या शिंगांना रंग लागत होता, कारण पोळाही त्याच दिवशी. त्या काळच्या बातम्यांनुसार कुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर तीस हजारांवर भाविक अडथळ्यांमागे थोपवून धरले होते. साधूंचं स्नान आधी, लोकांचं नंतर, हा सिंहस्थाचा नियम. साधूंची मिरवणूक पुढे सरकत असताना एका साधूने गर्दीत चांदीची नाणी उधळली असं सांगितलं जातं. ती वेचायला लोक वाकले, मागून लोंढा आला, आणि उतारावर वाकलेल्या माणसाला पुन्हा सरळ होता आलं नाही.

नाण्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण ती सांगायला सोपी आहे. साधूने नाणी टाकली, लोकांना मोह झाला, लोक मेले. कीर्तनात शोभेल असा दृष्टांत. पण अडचण नाण्यांत नव्हती, ती त्या रस्त्याच्या रुंदीत आणि उतारात होती. हजारो माणसं तासन्‌तास एका गल्लीत दाबून उभी केली, पुढचा अडसर कधी निघणार हे त्यांना कळू दिलं नाही आणि मागून येणाऱ्यांना थांबवलं नाही, तर नाणं काय, एखादी चप्पल निसटली तरी तेच घडतं. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात, की चौरस मीटरला चार माणसं असेपर्यंत प्रत्येकाचे पाय त्याच्या ताब्यात असतात. सहा-सातच्या पुढे गेलं, की माणूस चालत नाही, वाहतो. तेव्हा बहुतेकांचा जीव पायाखाली जात नाही. ते उभ्या उभ्या, छातीवरच्या दाबाने, श्वास कोंडून मरतात.

मराठीने या प्रकाराला शब्द दिला आहे ‘चेंगराचेंगरी’. शब्द मोठा बोलका, पण त्यात एक खोच आहे. मारामारी, ढकलाढकली, पळापळ हे सगळे शब्द एकाच घाटाचे. एकमेकांनी एकमेकांना केलेलं काहीतरी, कर्ता सगळे आणि कोणीच नाही. ‘चेंगराचेंगरीत ३९ ठार’ असं छापलं, की मेलेल्यांनीच मेलेल्यांना मारल्यासारखं वाटतं. रस्ता कोणी ठरवला, अडसर कोणी लावले, हे विचारायला त्या शब्दाच्या व्याकरणातच जागा नाही. सरकारी निवेदनांचा ‘दुर्दैवी घटना’ हा जोडशब्द त्याच्याच पंगतीला बसतो.

नाशिकच्या मृतांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. दोनच दिवस आधी, २५ ऑगस्टला, मुंबईत गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार इथे बॉम्बस्फोट होऊन पन्नासच्या वर माणसं गेली होती. सारं राज्य त्या धक्क्यात होतं, पोलीस बळ त्या कामात जुंपलेलं होतं. तेव्हा मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे होते, गृहखातं उपमुख्यमंत्री छगन भुजबळ यांच्याकडे. स्फोटामागे शत्रू होता, तपास होता, पुढे खटला आणि शिक्षाही झाल्या. नाशिकमागे कोण होतं? एक उतार. उतारावर आरोपपत्र ठेवता येत नाही. आठवणीच्या बाजारात अशा मृत्यूंचा भाव लवकर उतरतो.

सरकारने चौकशीसाठी न्यायिक आयोग नेमला. इथून गोष्ट विधिमंडळात शिरते.

विधानसभेत मृत्यूची दखल घ्यायची ठरलेली रीत म्हणजे शोकप्रस्ताव. अधिवेशनाचे पहिले दोन-तीन दिवस ज्यांनी गॅलरीतून पाहिले असतील, त्यांना तो सोहळा माहीत आहे. अध्यक्ष नाव वाचतात. दिवंगत सदस्याचा जन्म, शिक्षण, कोणत्या मतदारसंघातून किती वेळा निवडून आले, कोणत्या सहकारी संस्थेचे संचालक होते, हे सगळं येतं. मुख्यमंत्री बोलतात, विरोधी पक्षनेते बोलतात, जिल्ह्यातला एखादा सदस्य आठवण सांगतो, त्यात कधी हशाही पिकतो. मग सगळे स्तब्ध उभे राहतात. प्रस्तावाची प्रत कुटुंबीयांकडे जाते. एरवी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसं तेवढ्या वेळात खरोखर गप्प असतात. आपल्या संसदीय रीतींतली ही एक सुंदर रीत आहे, तिची थट्टा करण्याचं कारण नाही.

मात्र ही रीत मुख्यतः सभागृहाने आपल्या माणसांसाठी राखलेली. यात्रेत मेलेला माणूस सभागृहात येतो तो दुसऱ्या दारांनी. लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, तारांकित प्रश्न, फार झालं तर नियम २९३ खालची चर्चा. या दारांवर त्याचं नाव विचारलं जात नाही, संख्या विचारली जाते. मृत किती? जखमी किती? मदत किती जाहीर झाली? त्यांपैकी किती वाटली? उत्तराच्या शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’ किंवा ‘कार्यवाही सुरू आहे’. वही इथेही आहे, आणि तीही जपून ठेवली जाते. फक्त तिच्यात नावाचा रकाना नाही.

दिल्लीत वेगळं काही नाही. २ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशातल्या हाथरसला सत्संगाच्या गर्दीत १२१ जणांचा बळी गेला. ती बातमी आली तेव्हा लोकसभेत पंतप्रधान अभिभाषणावरच्या चर्चेला उत्तर देत होते. त्यांनी भाषण मध्येच थांबवून शोक व्यक्त केला आणि मग भाषण पुढे चालू केलं. २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे प्रयागराजच्या महाकुंभात मौनी अमावस्येला माणसं चिरडली. दोन दिवसांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी संसदेपुढच्या अभिभाषणात त्यांना श्रद्धांजली वाहिली. पुढचे काही दिवस विरोधी पक्ष मृतांचा खरा आकडा मागत राहिले, सभात्याग होत राहिले. शोक आकड्यावर येऊन अडला. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच कुंभात, ३ फेब्रुवारी १९५४ रोजी, त्याच प्रयागला शेकडो माणसं मेली होती. किती, यावर आजही एकमत नाही. सत्तर वर्षांत तोच वाद त्याच वाळवंटात.

म्हणून शोकप्रस्तावापेक्षा जास्त वजनाची वस्तू दुसरी आहे, आणि ती दिसायला अगदी रुक्ष आहे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२. त्याच्या कलम ३ मध्ये चौथं पोटकलम १९७१ साली घातलं गेलं. आयोगाने अहवाल दिला, की सहा महिन्यांच्या आत तो विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा, आणि सोबत त्यावर सरकारने काय केलं याचं निवेदनही ठेवायचं, असं ते सांगतं. सभागृहाच्या भाषेत ‘पटलावर ठेवणे’. मंत्री उभा राहतो, एक वाक्य म्हणतो, कागदांचा गठ्ठा पटलावर जातो. टाळ्या नाहीत, मौन नाही. पण मेलेल्या माणसाच्या बाबतीत सभागृहापुढे सरकारवर कायद्याने घातलेलं बंधन हे एवढंच. १९८६ मध्ये सरकारने कायदा बदलून अहवाल न मांडण्याची मुभा स्वतःकडे घेतली होती. इंदिरा गांधींच्या हत्येच्या चौकशीचा तो संदर्भ होता. ती मुभा १९९० मध्ये काढून टाकावी लागली. म्हणजे पटल म्हणजे काय, ते सत्ताधाऱ्यांनाही नीट ठाऊक आहे.

बंधन आहे, पण दात नाहीत. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच दालमिया प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सहा महिने उलटले तर कोणाला शिक्षा? कोणालाच नाही. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ३० सप्टेंबर २००८ रोजी, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, चामुंडा देवीच्या वाटेवर दोनशेहून अधिक जण मेले. त्यांत बहुतेक तरुण पोरं. तिथेही उतार होता, तिथेही चिंचोळी वाट होती. निवृत्त न्यायमूर्ती जसराज चोप्रा यांच्या आयोगाने अहवाल दिला. तो विधानसभेपुढे ठेवावा म्हणून मृतांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मुलगा कसा मेला हे कळावं म्हणून बापाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

महाराष्ट्राला नाशिकचा विसर पडायला किती काळ लागला? हिशोब सोपा आहे. सतरा महिने.

२५ जानेवारी २००५, मंगळवार, पौष पौर्णिमा. वाईजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईची जत्रा. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, दोन्ही बाजूंना दुकानं चिकटलेली, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेवर. वर माणसं घसरून पडली. संतापलेल्या लोकांनी दुकानांना आगी लावल्या, आत गॅसचे सिलिंडर होते. अधिकृत आकडा २९१. नवस फेडायला आलेले, हिरवी साडी-चोळी आणि लिंबं घेऊन आलेले हे लोक साधे होते. गावाकडचे, शहरातल्या चाळींतले, झोपडपट्ट्यांतले. निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. नाशिकला नाणी, मांढरदेवला नारळ. निमित्तं बदलली, बाकी रस्त्याची रुंदी, उतार, एकच वाट आणि अडलेली माणसं, ही यादी जशीच्या तशी.

या सतरा महिन्यांत विधिमंडळ देवस्थानांच्या बाबतीत स्वस्थ बसलं होतं असं मात्र नाही. २००४ साली शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याआधी १९७३ मध्ये पंढरपूरच्या मंदिरांसाठी, १९८० मध्ये प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी झाला होता, पुढे २०१८ मध्ये शनिशिंगणापूरसाठी झाला. हे कायदे वाचून पाहावेत. विश्वस्त किती, नेमणूक कोणाची, निधी कशावर खर्च करायचा, हिशेब कोण तपासणार, सगळं कलमवार. दानपेटीची काळजी सभागृहाने बारकाईने घेतली. दानपेटीपर्यंत जाणाऱ्या रांगेसाठी तेवढा बारकावा सुचला नाही.

सभागृहाला हे जमत नाही असंही नाही. ज्या काळाराम मंदिराच्या आवारातून सरदार चौकाकडे जाता येतं, त्याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या दादासाहेबांनी, तो नेटाने चालवला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, सत्याग्रही रक्तबंबाळ झाले. दार काही उघडलं नाही. पण १९४७ मध्ये मुंबई विधिमंडळाने मंदिर प्रवेशाचा कायदा केला, १९५६ मध्ये आणखी व्यापक केला. मंदिराच्या दारात घडलेलं काही कायद्याच्या पुस्तकात उतरतं, याचा हा नाशिकचाच दाखला. सतरा वर्षं लागली खरी.

काही ठिकाणी सव्वीस दिवस पुरले. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात १५ मार्च २०१९ च्या शुक्रवारी दोन मशिदींत नमाजाच्या वेळी एका बंदूकधाऱ्याने ५१ जणांना मारलं. चार दिवसांनी तिथल्या संसदेचं कामकाज कुराणपठणाने सुरू झालं. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचं नाव आपण कधीही उच्चारणार नाही, नावं घ्यायची तर गेलेल्यांची घ्या, असं सभागृहात सांगितलं. आणि १० एप्रिलला त्याच सभागृहाने लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी केला. अमेरिकेत उलटी तऱ्हा. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या बॉम्बने चार कृष्णवर्णीय मुली मारल्या. तिथल्या काँग्रेसने त्या चौघींना आपलं सर्वोच्च सुवर्णपदक दिलं ते २०१३ साली. अ‍ॅडी मे कॉलिन्स, डेनिस मॅकनेअर, कॅरोल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली अशी चारही नावं त्या कायद्यात आहेत. पन्नास वर्षं उशीर, पण नावानिशी.

या दोन्ही घटना हल्ल्याच्या, नाशिकची गर्दीची. तुलना तंतोतंत नाही, आणि कोणी म्हणेल की शत्रू समोर असला की कायदा सुचतो. बरोबर आहे. पण मग उलट प्रश्न येतो. शत्रू नाही, धर्माचा वाद नाही, मतांचं गणित बिघडत नाही, अशा मृत्यूवर कायदा करायला सभागृहाला अडवतं कोण?

दुर्घटनेतून कायमचा नियम कसा घडतो, याचं एक उदाहरण नाशिकच्या जुन्या कागदांत आहे. १७८९-९० च्या सिंहस्थात, सवाई माधवरावांच्या पेशवाईत, आधी स्नान कोणाचं यावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात लढाई जुंपली. स्नानाचा क्रम म्हणजे आखाड्याचा मान. पेशव्यांच्या ताम्रपटात मृतांचा आकडा बारा हजार दिल्याचं सांगतात. तो जसाच्या तसा मानायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. जुन्या कागदांतली हजारं सैल हाताने लिहिलेली असतात. पण त्या वादाचा निकाल आजही पाळला जातो. शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करायचं, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर. दोन्हींत तीस किलोमीटरच्या आसपास अंतर. भांडणाऱ्या दोन गर्दी वेगळ्या केल्या, विषय संपला. ना विधिमंडळ, ना चौकशी आयोग, पण दुर्घटनेची आठवण व्यवस्थेत अशी उतरली की सव्वादोनशे वर्षांनी तिचं कारण न जाणणारा साधूही ती पाळतो.

२००३ ची आठवण २०१५ च्या सिंहस्थात थोडी कामी आली, हे मान्य केलं पाहिजे. मिरवणुकीचा मार्ग बदलण्यावर आयोगाच्या शिफारशींच्या आधाराने चर्चा झाली. परंपरेचा रस्ता सोडायला साधू-महंत सहज तयार नव्हते, पण तयार झाले. रस्ते रुंद केले, नवे घाट बांधले. मग प्रशासन दुसऱ्या टोकाला गेलं. २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला शहरात इतके अडथळे उभारले, की भाविकांना मैलोन्‌मैल पायपीट झाली, दुकानदार ग्राहकांची वाट बघत बसले आणि नाशिककर स्वतःच्याच गल्लीत कैद झाले. ओरड झाली, पुढच्या पर्वण्यांना अडथळे सैल केले गेले. पण तो सिंहस्थ निर्विघ्न पार पडला. जी दुर्घटना घडत नाही तिची कोणी बातमी देत नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

त्याच वेळी शहरातल्या तरुणांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांना सोबत घेऊन ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम केला. त्यात नाशिकच्या एका शाळकरी मुलाने पायाखाली अंथरायची चटई बनवली. तिच्यावर पाय पडला, की दाबाने नोंद होते आणि अमुक वेळात किती माणसं इथून गेली ते मोजता येतं. २००३ च्या वेळी तो अगदी लहान होता, पण चेंगराचेंगरीची गोष्ट ऐकत वाढला होता. ही चटई म्हणजे त्या ३९ जणांचं एक स्मारकच.

मोजण्यावरून दुतोंड्या मारुती आठवतो. गोदेच्या पात्रात उभी असलेली ही मूर्ती म्हणजे नाशिककरांची पूरपट्टी. गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा भाषेत शहर पुराबद्दल बोलतं. गळ्याशी आलं म्हटलं, की सराफ बाजारातला दुकानदार न सांगता माल वर चढवतो. गर्दीच्या पुरासाठी नाशिकपाशी असा मारुती नाही. छातीला गर्दी लागली, आता मागच्यांना थांबवा, हे कोणी कुठून सांगायचं आणि त्याचं ऐकणं कोणावर बंधनकारक असायचं, हे कायद्यानेच ठरवावं लागतं.

तो कायदा करायची संधी नुकतीच आली होती. २०२५ च्या जूनमध्ये वटहुकूम आणि पाठोपाठ पावसाळी अधिवेशनात विधेयक, अशा वाटेने नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण अस्तित्वात आलं. अध्यक्षपदी नाशिकचे विभागीय आयुक्त. नमुना प्रयागराजचा, तिथे १९३८ चा मेळ्यांचा कायदा होता आणि २०१७ मध्ये मेळा प्राधिकरणाचा झाला. महाराष्ट्राला कुंभासाठी स्वतःचं प्राधिकरण मिळायला इतकी वर्षं लागली, पण मिळालं हे चांगलंच झालं. आजवर पोलीस, महापालिका, जिल्हाधिकारी आणि जलसंपदा अशा चार दारी हिंडणारी फाइल आता एका टेबलावर येईल.

पण प्रयागराजला प्राधिकरण होतं, तरी मौनी अमावस्येची पहाट टळली नाही, ही गोष्टही त्याच नमुन्याचा भाग आहे. आणि गोव्यात, ३ मे २०२५ च्या पहाटे, शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत अग्निदिव्यासाठी आलेल्या धोंडांच्या, म्हणजे व्रतस्थ भक्तांच्या, आणि इतर भाविकांच्या गर्दीत माणसं मेली. पहिल्या दिवशीच सहा मृत मोजले गेले, जखमींची संख्या ऐंशीच्या घरात गेली. तिथेही रस्ता अरुंद, तिथेही उतार. सरदार चौक, मेहरानगड, मांढरदेव, शिरगाव. भारतात देव उंचावर किंवा नदीकाठी असतो, म्हणजे वाट चढाची नाहीतर उताराची असायचीच. हे इतकं उघड आहे, की ते कायद्यात लिहायचं राहून जातं.

तेव्हा सभागृहाकडे मागायचं ते फार नाही. नव्या शोकप्रस्तावाची गरज नाही. प्राधिकरणाने दर पर्वणीनंतर कुठे, किती वाजता, चौरस मीटरला किती माणसं होती आणि कोणत्या ठिकाणी लोकांना थांबवावं लागलं, याचा अहवाल द्यावा आणि तो पुढच्या अधिवेशनात पटलावर यावा. एकही माणूस जखमी झाला नसला तरी यावा. २००३ च्या आणि मांढरदेवच्या आयोगांनी सुचवलेलं काय काय झालं, काय राहिलं, याचं निवेदन एकदा एकत्रित मांडावं. आणि त्याला एक परिशिष्ट जोडावं, ज्यात त्या ३९ जणांची आणि २९१ जणांची नावं गावासकट असतील. रामकुंडावरच्या उपाध्यांना हे जमतं, तर कार्यवाहीचे खंडच्या खंड छापणाऱ्या विधानमंडळ सचिवालयाला न जमायला काय झालं?

वेळ बेताचाच आहे. पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला. पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाही स्नान, २ ऑगस्ट २०२७, सोमवती अमावस्येला. दुसरं त्यानंतर चार आठवड्यांनी, मंगळवारी, ३१ ऑगस्ट २०२७ रोजी. त्या दिवशी श्रावण अमावस्या आहे, पोळाही आहे. आपल्याकडे श्राद्ध तारखेने नाही, तिथीने करतात, आणि सरदार चौकातल्या ३९ जणांची तिथी हीच आहे.